शुगरची गोळी आणि एकादशीची भगर

आषाढी करून वारकरी पंढरपुराहून माघारी फिरले की आषाढ वद्य एकादशीला हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेव इथे परतवारीची यात्रा भरते. कयाधू नदीकाठचं हे गाव संत नामदेवांचं जन्मस्थान. त्या दिवशी मराठवाड्यातून आणि लगतच्या विदर्भातून माणसं दर्शनाला लोटतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना एकादशीचा उपास असतो. उपास म्हटला की साबुदाण्याची खिचडी आली, भगर आणि शेंगदाण्याची आमटी आली, रताळं, केळं, राजगिऱ्याचा लाडू आला. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण काही उपास न करणाऱ्यांनी काढलेली नाही. काही जण मात्र खरोखरच कडक उपास धरतात. दिवसभर पाण्यावर किंवा नुसत्या चहावर राहतात. आता या गर्दीत शुगर असलेलेही असणारच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, ग्रामीण महाराष्ट्रात वीस वर्षांवरच्या माणसांत मधुमेहाचं प्रमाण 6.5 टक्के होतं आणि शहरी भागात 10.9 टक्के. तेव्हापासून देशभर हे प्रमाण वाढतच गेलं आहे. म्हणजे दर्शनाच्या रांगेत शंभर प्रौढ माणसं उभी असली, तर त्यांत सहा-सात जण मधुमेही निघायला हरकत नाही. समजा त्यांतल्या दोघांनी सकाळी एकच गोळी घेतली. एकाने वर खिचडीच्या दोन बशा खाल्ल्या, दुसऱ्याने काहीच खाल्लं नाही. दुपारपर्यंत पहिल्याची साखर तीनशेच्या पुढे गेलेली असू शकते आणि दुसरा घाम फुटून, हातपाय थरथरून रांगेतच खाली बसू शकतो. गोळी तीच, डॉक्टर तोच, वारही तोच.

मधुमेहाबद्दल आपल्याकडे जे दोन तट पडले आहेत, त्या दोघांनाही हे उदाहरण अडचणीचं आहे. एका तटाचं म्हणणं असं की गोळ्या हे कंपन्यांचं दुकान. पथ्य पाळा, कारल्याचा रस घ्या, शुगर आपोआप जाईल. दुसरा तट हे तोंडाने बोलत नाही, पण वागतो असा की गोळी चालू आहे ना, मग लग्नातली जिलेबी खायला काय हरकत. लागलं तर रात्री अर्धी गोळी जास्त घेऊ. दोघांचाही समज एकच, की औषध आणि जेवण ही दोन वेगळी खाती आहेत आणि एकातली तूट दुसऱ्यातून भरून काढता येते. तशी ती येत नाही. कुठली गोळी, किती आणि केव्हा, हे ताटात काय आणि केव्हा पडणार यावर ठरतं. आणि ताटात काय पडावं, हे कुठली गोळी चालू आहे यावर. हा हिशेब वेगवेगळा मांडल्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. 'इंडियाब'च्याच 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, आपल्याला मधुमेह आहे हे माहीत असलेल्या लोकांपैकी साखर आटोक्यात असलेले निघाले 36 टक्के. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही तिन्ही ज्यांची ताब्यात आहेत, असे आठ टक्केसुद्धा भरले नाहीत.

'आम्ही रानात राबणारी माणसं, अंगावर मूठभर मांस नाही, आम्हाला कशी शुगर होईल?' हा प्रश्न मराठवाड्यातल्या दवाखान्यांत हमखास ऐकू येतो, आणि त्याचं उत्तर पुण्याने दिलेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. ही बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोच्या आसपास भरत, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण वजनाच्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी होते. हीच मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची साखर तपासली. मुलं बारीकच होती, तरीही त्यांच्यातल्या 37 टक्के मुलग्यांचं आणि 18 टक्के मुलींचं साखरेचं गणित बिघडलेलं आढळलं. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता आणि तो पुढे जगभर गाजला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. तेव्हा वजनकाटा आपल्याला फसवतो. पंचेचाळिशीच्या आत मधुमेह झालेल्या रुग्णांच्या पुण्यातल्याच आणखी एका अभ्यासात अर्ध्याहून अधिक जण असे निघाले, की त्यांचा मुख्य दोष स्थूलपणा नव्हता. त्यांच्या स्वादुपिंडात इन्सुलिनच कमी तयार होत होतं. हा तपशील आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य पुस्तकांतून आलेला 'वजन उतरवा' हा सल्ला ज्याच्या पोटावर चरबी आहे त्याला लागू पडतो, पण मुळातच ज्याच्याकडे इन्सुलिन थोडं आहे अशा पंचावन्न किलोच्या शेतमजुराला नुसतं कमी खाऊन कुठवर पुरं पडणार?

पथ्य एकटं किती पुरतं, याची सर्वांत मोठी परीक्षा ब्रिटनमध्ये झाली. 1977 साली सुरू झालेल्या 'यूकेपीडीएस' या अभ्यासात नव्याने निदान झालेले पाच हजारांहून अधिक रुग्ण घेतले होते. सुरुवातीला सगळ्यांना नुसत्या आहारावर ठेवलं, मग वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी औषधं दिली. नऊ वर्षांनी पाहिलं तर केवळ आहारावर असलेल्यांपैकी ज्यांचं तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप, म्हणजे एचबीएवनसी, सातच्या आत राहिलं होतं, असे जेमतेम नऊ टक्के उरले होते. गोळीवाल्यांनी यावर खूश होण्याचं कारण नाही, कारण एकाच औषधावर असलेल्यांतही नऊ वर्षांनी साधारण चौथा हिस्साच सातच्या आत होता. हा आजार मुळात पुढे सरकणारा आहे. निदान होतं तोवरच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची निम्मी ताकद गेलेली असते आणि पुढे ती आणखी घटत जाते. 'गोळी एकदा लागली की सुटत नाही' या लोकांच्या निरीक्षणात म्हणूनच तथ्य आहे, पण त्याचं कारण उलटं लावलं जातं. गोळीची सवय लागत नाही. आजार पुढे जातो, म्हणून गोळी लागत राहते. सुरुवात न टाळल्याने काय मिळतं तेही याच अभ्यासाने दाखवलं. ज्यांची साखर पहिल्या दहा वर्षांत नीट सांभाळली गेली त्यांच्यात डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या अवयवांची हानी पंचवीस टक्क्यांनी कमी झाली. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखीच झाली, तरीही आणखी दहा वर्षांनी पहिला गट फायद्यातच होता. पेरणी वेळेवर झालेल्या रानासारखंच हे. मागाहून कितीही खत घातलं तरी मृगात चुकलेलं भरून निघत नाही.

'गोळ्यांनी किडनी जाते' ही दुसरी भीती. मूत्रपिंड खराब करते ती वाढलेली साखर आणि तिच्या जोडीचा रक्तदाब. मधुमेहाची पहिली गोळी मेटफॉर्मिन मूत्रपिंडाला इजा करत नाही. मात्र मूत्रपिंड आधीच थकलेलं असेल तर ती गोळी अंगात साचते, म्हणून मात्रा कमी करावी लागते आणि फारच बिघडलं असेल तर बंद करावी लागते. वर्षातून एकदा क्रिएटिनिन तपासायचं ते यासाठी. किडनी खरोखर घालवणारी गोष्ट म्हणजे भीतीपोटी गोळी सोडून देणं, आणि गुडघे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. या दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र कोणी घाबरलेलं दिसत नाही.

गोळ्यागोळ्यांत फरक असतो, आणि तो रुग्णाला कोणी समजावून सांगत नाही, हे आपल्याकडच्या उपचाराचं मोठं उणेपण आहे. मेटफॉर्मिन ही पहिली आणि स्वस्त. ती यकृतातून रक्तात उतरणारी साखर कमी करते आणि शरीराला इन्सुलिनचा वापर नीट करू देते. ती जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घ्यायची. सुरुवातीला पोट बिघडतं, पण कमी मात्रेपासून वाढवत नेलं तर बहुतेकांना सोसते. एकटी घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्यांची तऱ्हा निराळी. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवा अथवा न जेवा. गोळी घेतली आणि जेवण राहिलं की साखर कोसळते. ग्रामीण भागात सर्रास दिली जाते ती या दोन्ही औषधांची एकत्र गोळी, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. त्यामुळे आपल्या गोळीत 'जेवणाशिवाय घेऊ नये' असा भाग आहे हे घेणाऱ्याला ठाऊकच नसतं. सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या त्या मानाने सौम्य. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदयाला आणि मूत्रपिंडालाही त्यांचा फायदा होतो, पण पाणी कमी प्यायलं, कडक उपास धरला किंवा जुलाब लागले तर त्या अडचणीत आणू शकतात. 2025 मध्ये भारतात आलेल्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांचा सध्या बराच गाजावाजा आहे. वजन आणि साखर दोन्ही ती चांगली उतरवतात, पण किंमत पाहता हिंगोली जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ती चर्चा तूर्त दूरची आहे.

आता ताटाकडे वळू. शुगर झाल्यावर घरातली पहिली आज्ञा सुटते ती 'भात बंद, ज्वारीची भाकरी खा' आणि 'साखर सोडा, गूळ चालेल' अशी. गुळाचं लवकर आटोपतं: गूळही साखरच, रंग वेगळा इतकंच. भाकरीचं प्रकरण मात्र नीट पाहण्यासारखं आहे. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात 68 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, गव्हाच्या पिठात 64, तांदळात 78. ज्वारीत तंतू भरपूर आणि प्रथिनंही बरी, तेव्हा तांदळापेक्षा ती सरस आहे यात वाद नाही. पण आपल्याकडची थापलेली मोठी भाकरी पाऊणशे ग्रॅम पिठाची धरली तर एका भाकरीत पन्नास ग्रॅम कर्बोदकं झाली. सकाळ-संध्याकाळ तीन-तीन भाकऱ्या खाल्ल्या तर नुसत्या भाकरीतून तीनशे ग्रॅम, आणि त्यांची अखेर ग्लुकोजच होते. 'इंडियाब'च्या 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक निष्कर्षांनी याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. भारतीय माणसाच्या एकूण उष्मांकांपैकी 62 टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून अवघे 12 टक्के. पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्य आणलं, पण कर्बोदकांचं एकूण माप तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. तो कमी दिसला तो कर्बोदकांतून एकूण उष्मांकांपैकी पाच टक्के काढून त्या जागी डाळी, दूध-दही, अंडी, मासे यांतलं प्रथिन आणलं तिथे. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, त्यामुळे कार्यकारणाचा शेवटचा शब्द ती देत नाही. तरी ज्वारीचा जयजयकार करताना ती ध्यानात ठेवलेली बरी.

पाच टक्के म्हणजे ताटात किती? दोन हजार उष्मांकांच्या जेवणात पंचवीस ग्रॅम कर्बोदकं कमी आणि पंचवीस ग्रॅम प्रथिनं जास्त. दिवसातून अर्धी भाकरी वजा करायची. आणि दोन अंडी, वाटीभर घट्ट वरण नि वाटीभर दही यांची भर घालायची. हे काही पंचतारांकित पथ्य नव्हे. पाण्यासारख्या वरणाऐवजी चमचा उभा राहील असं वरण, भाकरीबरोबर ठेच्याऐवजी पिठलं, मटकी-हरभऱ्याची उसळ, मेथी-चवळीची भाजी आधी नि भाकरी मागून. ज्या हिंगोली-परभणी पट्ट्यात तूर, हरभरा आणि सोयाबीन पोत्यापोत्यांनी पिकतं, तिथल्या ताटात प्रथिनांचा दुष्काळ असावा ही मला सगळ्यांत खटकणारी गोष्ट वाटते. सोयाबीनच्या शंभर ग्रॅम दाण्यात छत्तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं. ते मोंढ्यावर जातं, तेल निघतं, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि पिकवणारा घरी येऊन भाकरी-चटणी खातो.

'आमचे आजोबा चार भाकऱ्या खाऊन नव्वद वर्षं जगले' हा आक्षेप इथे येणारच. जे नव्वद वर्षं जगले त्यांचीच आठवण राहते, पन्नाशीत 'पाय सडून' गेलेल्यांची कोणी काढत नाही. शिवाय आजोबा मोट हाकत होते, नांगरामागे मैलोन्‌मैल चालत होते. आता नांगरणी ट्रॅक्टरने होते आणि शेतावर माणूस मोटारसायकलने जातो. भाकऱ्या तेवढ्या मोजून त्याच राहिल्या. यापेक्षा वजनदार आक्षेप पैशाचा आहे: डाळ परवडत नाही. हा मी मोडून काढणार नाही, कारण तो खरा आहे. रेशनवर माणशी पाच किलो गहू-तांदूळ फुकट मिळतो आणि डाळ विकत घ्यावी लागते, तेव्हा घरात भात वाढणार आणि वरण पातळ होणार, हे सांगायला आहारतज्ज्ञ नको. भुकेच्या प्रश्नासाठी हे धोरण आवश्यकच होतं. पण मधुमेहाचा विचार करणाऱ्या सरकारने रेशनच्या पिशवीत डाळ घालण्याचा विचार का करू नये? तोवर घरच्या सोयाबीनचे चार पायली दाणे न विकता ठेवून, भाजून दळणात मिसळणं एवढं तरी हाती आहे.

हिंगोलीबद्दल बोलताना हळदीला वगळता येत नाही. वसमतची हळद नावाजलेली, तिला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. साहजिकच 'घरात एवढी हळद असताना गोळी कशाला' हा प्रश्न या भागात जोरात असतो. हळदीच्या बाजूने पुरावा अजिबात नाही असं नाही. थायलंडमध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 240 लोकांना नऊ महिने हळदीतलं कर्क्युमिन देऊन पाहिलं. ज्यांना ते दिलं त्यांच्यातल्या कोणालाही मधुमेह झाला नाही, न दिलेल्यांत सोळा टक्के लोकांना झाला. हा निकाल 2012 सालचा. पण त्यांना दिलेलं कर्क्युमिन रोज दीड ग्रॅम होतं. साध्या हळदीत ते तीन ते पाच टक्के असतं, म्हणजे रोज तीस ते पन्नास ग्रॅम हळद खावी लागेल. ती भाजी कोणाच्या घशाखाली उतरेल? शिवाय ही माणसं मधुमेही नव्हती, आणि इतका झकास निकाल मोठ्या प्रमाणावर पुन्हा कोणाला मिळालेला नाही. जास्त मात्रेच्या हळदीच्या कॅप्सूलांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदीही आहेत. हळदीने जखम भरते या माहितीवर अमेरिकेत दिलेलं पेटंट आपण 1997 मध्ये रद्द करून घेतलं, ते डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांतले लेखी पुरावे समोर ठेवले म्हणून. आपण परक्यांकडे पुरावा मागितला, तसाच तो घरच्या दाव्यांकडेही मागायला हवा. कारलं, जांभळाच्या बियांची पूड, मेथीदाणे यांनाही हीच कसोटी. मेथीतल्या तंतूंमुळे साखर थोडी कमी चढते, तेव्हा मेथी जरूर खावी. फक्त ती गोळीच्या जागी नको.

महाराष्ट्रात गेली काही वर्षं दुसरा एक मार्ग खूप लोकप्रिय आहे, तो डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचं. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. या मोहिमेने हजारो माणसांना आपण दिवसभर किती आणि किती वेळा खातो याचा विचार करायला लावला, आणि बिस्किट-चहाची सवय सोडवली, हे तिचं श्रेय मान्य केलं पाहिजे. वजन उतरवून मधुमेह काही काळ मागे हटवता येतो, यालाही भक्कम पुरावा आहे. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात निदान होऊन सहा वर्षं न झालेल्या स्थूल रुग्णांना कडक कमी उष्मांकाचा आहार दिला, तेव्हा वर्षाअखेर 46 टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आले. दोन वर्षांनी 36 टक्के उरले. पण हे लोक होते शंभर किलोच्या आसपासचे, आणि त्यांच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बंद केल्या होत्या. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू ठेवून कोणी आपल्या मनानेच न्याहारी सोडली, तर ते धोक्याचं आहे. बारीक माणसाने तर आणखी जपावं. आणि लहान वयात होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिनला पर्यायच नाही. 1922 पूर्वी अशा मुलांना अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांच्या उपासमारीच्या आहारावर जगवत. हाडांचे सापळे होऊन ती काही महिने, फार तर दोनेक वर्षं अधिक जगत. अकरा जानेवारी 1922 ला टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्सनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं आणि तो प्रकार संपला. अशा मुलाचं इन्सुलिन एखाद्या बुवाच्या सांगण्यावरून बंद करणं म्हणजे काही दिवसांत त्याचा जीव घेणं आहे.

मग एकादशी सोडायची का? डॉक्टरांनी सरसकट 'उपास बंद' म्हणावं आणि रुग्णाने मान डोलवून घरी जाऊन तो करावा, हे वर्षानुवर्षं चाललेलं नाटक आहे. वर्षातून चोवीस वेळा येणारा दिवस उपचाराच्या कागदावर असायलाच हवा. ज्याला केवळ मेटफॉर्मिन आहे, त्याला बेताचा फराळ करून उपास निभावता येतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असलेल्याने त्या दिवशीची मात्रा किती घ्यायची, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवायचं. फराळात साबुदाणा सगळ्यांत वाईट. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, प्रथिन नावालाही नाही. भगर त्यापेक्षा बरी, पण तीही धान्यच, तेव्हा वाटीभरच. खरा आधार शेंगदाण्याची आमटी, दही, ताक, दूध, राजगिऱ्याची भाकरी यांचा. आणि घाम, धडधड, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणं दिसली तर उपास मोडतो की राहतो याचा विचार न करता तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

वारकऱ्याच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. नरसीहून पंढरपूरला पायी जाताना दिवसभराच्या चालीने साखर उतरते, तेव्हा गोळीच्या मात्रेची विचारपूस निघण्यापूर्वीच करावी; आणि अनवाणी चालण्याचा नेम असेल तर पायाची जाणीव शाबूत आहे ना, हे आधी तपासून घ्यावं. बधिर पायाला रुतलेला काटा कळत नाही. दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. माळकरी माणूस मांस-अंडी खात नाही, त्यामुळे त्याच्या अंगात बी-12 जीवनसत्त्व आधीच कमी असतं. वर्षानुवर्षं घेतलेली मेटफॉर्मिन ते आणखी घटवते. मग पायाला मुंग्या येतात, आणि 'शुगरमुळेच' म्हणून सोडून दिलं जातं. बी-12 कमी असल्याने येणारा बधिरपणा वेळेत औषध मिळालं तर बराचसा सुधारतो. मेटफॉर्मिन चार-पाच वर्षं चालू असलेल्या प्रत्येक शाकाहारी माणसाने ही तपासणी मागून घ्यावी.

हे सगळं दोन मिनिटांच्या बाह्यरुग्ण तपासणीत कोण समजावणार, हा प्रश्न रास्त आहे. पण मागितल्याशिवाय मिळत नाही अशी आपली व्यवस्था आहे आणि मागण्यासारखं तिच्याकडे पूर्वीपेक्षा बरंच आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब उपकेंद्राच्या पातळीवर तपासणं ठरलेलं आहे, आशाताई घरोघर अर्ज भरून घेतात. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. 2024 मध्ये हिंगोलीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. तेव्हा घरात कोणाला शुगर असेल तर पुढच्या खेपेला जाताना चालू गोळ्यांची सगळी पाकिटं बरोबर न्या. माझी गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर कोसळते का, एवढा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर 'हो' आलं तर पंचांग पुढे करून एकादशीच्या दिवशी काय करायचं ते त्याच कागदावर लिहून घ्या.